गाडीत बसण्याआधी चाकाकडे बघा



रोवणीचे दिवस आले की पवनी, लाखांदूरकडच्या किती तरी बाया सकाळीच गाडीत बसून दुसऱ्या गावी जातात. दहा जणींच्या गाडीत पंधरा जणी, वर डबे. मजुरी किती, परत कधी सोडणार, हे आपण विचारून घेतो. चाकात हवा आहे का, हे कोणी विचारत नाही. ते ड्रायव्हरचं काम म्हणतो. पण गाडी उलटली तर हाडं आपली मोडतात.

हवा जास्त झाली म्हणूनच टायर फुटतो, असं पुष्कळ जणींना वाटतं. जास्त हवा वाईटच, पण कमी हवेचा टायर अधिक दगा देतो. चाक फिरताना त्याच्या बाजू सारख्या दबतात आणि उठतात. तार दोन-चारदा वाकवली की कशी तापते? तसा टायर आतून तापतो. त्यात माणसांचं ओझं, त्यात आपल्याकडचं ऊन. शेवटी तो फाटतो. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, तेव्हा टायर फुटून इतके अपघात झाले की आरटीओवाल्यांना गाड्या थांबवून टायर तपासावे लागले. बरं, तिथं निदान तपासणारं कोणी आहे. आपल्या गावच्या रस्त्यावर आपणच.

बँकेत, पंचायत समितीत जायला आता बऱ्याच गटांतल्या ताया स्कूटी चालवतात. बिनगिअरच्या बऱ्याच स्कूटरना पुढच्या चाकात साधारण २२ पीएसआय हवा लागते, मागे एकटीसाठी २९ आणि मागे कोणी बसणार असेल तर ३६ च्या आसपास. तरी आपल्या गाडीवरचं स्टिकर किंवा सोबतचं पुस्तक बघा, तोच आकडा खरा. टायरवर छापलेला 'मॅक्स'चा आकडा मात्र भरायचा नाही, ती शेवटची हद्द आहे. अंगठ्यानं दाबून अंदाज घेऊ नका. कडक टायर कमी हवेतही कडकच लागतो.

पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी टायर थंड असताना हवा मोजून घ्या. गाडी लांबून चालून आली की आतली हवा तापते आणि मीटर जास्त दाखवतो. तेव्हा हवा सोडली तर थंड झाल्यावर ती कमी पडते. पेट्रोल पंपावर हवा फुकट भरून द्यायची असते, पेट्रोल घ्या किंवा नका घेऊ. तिथला मुलगा "ठीक आहे ताई" म्हणाला तरी काटा स्वतः बघा.

मजुरीच्या गाडीचं म्हणाल, तर गटाच्या बैठकीत ठरवून टाका. बसण्याआधी एकीनं चारही चाकांभोवती फिरायचं. एखादं चाक खाली बसलेलं दिसलं, किंवा टायर घासून गुळगुळीत झाला असेल, तर "भाऊ, आधी हवा भरून आणा, मग आम्ही बसतो" असं सगळ्यांनी मिळून म्हणायचं. एकटी बोलली तर तिला उद्या कामावर नेणार नाहीत, म्हणून सगळ्यांनी.

आणि स्कूटीच्या व्हॉल्व्हवरचं छोटं झाकण पडलं असेल तर आजच लावून घ्या. चिखलणीच्या दिवसांत तिथं माती शिरते आणि हवा हळूहळू निघून जाते. शंका आली तर थुंकीचं बोट लावून बघा, बुडबुडा आला की पंक्चरवाल्याकडे न्या.