बँकेच्या संगणकामागे आपली लेक

 

एटीएममध्ये कार्ड घातलं, खात्यातून हजार रुपये गेल्याचा मेसेज आला, पण नोटा बाहेर आल्याच नाहीत, असं कधी ना कधी कुणाचं तरी होतं. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम सांगतो, की हे पैसे बँकेने पुढच्या पाच दिवसांत आपणहून खात्यात परत टाकायचे. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. ही चूक हुडकून काढतो तो संगणकाचा प्रोग्राम. तो लिहिणारे ते सॉफ्टवेअर इंजिनिअर. मी एका मोठ्या बँकेत हेच काम करते.

पूर्वी आपलं खातं एकाच शाखेच्या जाड वहीत असायचं. आता सगळ्या शाखांची खाती एकत्र जोडलेली असतात. त्याला कोअर बँकिंग म्हणतात. म्हणून वसईत भरलेले पैसे नाशिकला काढता येतात. १९१८ साली सुरू झालेली आपली बेसिन कॅथॉलिक बँक असो की स्टेट बँक, आज सगळ्यांचा कारभार संगणकावरच चालतो.

आमचं काम तुमच्या गटासारखंच आहे. एकीने लिहायचं, दुसरीने तपासायचं. मी केलेला बदल दुसऱ्याने पाहिल्याशिवाय आणि चाचणी झाल्याशिवाय खऱ्या खात्यांपर्यंत जात नाही.

आता मुलाखतीबद्दल. तिथे फाडफाड इंग्रजीच लागतं असं नाही. नेहमीचा एक प्रश्न सांगते. नवरा-बायकोचं जोडखातं आहे, त्यात १००० रुपये आहेत. दोघांनी दोन एटीएमवर एकाच क्षणी ८०० मागितले, तर काय करायचं? उत्तर तुम्हीही द्याल. गटाची वही एकीच्या हातात असेल, तर तिचं लिहून होईपर्यंत दुसरी थांबते. संगणकालाही तसंच थांबायला शिकवायचं. मुलगी हे नीट समजावून सांगू शकली आणि त्याचा छोटा प्रोग्राम लिहू शकली, की अर्धी लढाई जिंकली.

सरकारी बँकांमध्ये आयटी ऑफिसर होण्यासाठी आयबीपीएसची परीक्षा असते. संगणक, आयटी किंवा इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअरिंग पदवी, नाहीतर एमसीएसारखी पदव्युत्तर पदवी लागते. वय २० ते ३०, राखीव गटांना सवलत. आधी पूर्व परीक्षा, मग मुख्य परीक्षा, मग मुलाखत. शेवटच्या निकालात मुख्य परीक्षेला ८० टक्के वजन आणि मुलाखतीला २०. म्हणजे अभ्यास मोठा, मुलाखत लहान. अर्जाची फी सोडून कुणी ‘बँकेत लावतो’ म्हणून पैसे मागितले, तर एक रुपयाही देऊ नका.

खासगी बँकेच्या एका मुलाखतीत मला विचारलं होतं, ‘लग्नानंतर नोकरी सोडणार का?’ मी म्हटलं, ‘हा प्रश्न तुम्ही मुलांना विचारता का?’ ती नोकरी मिळाली नाही, पुढची मिळाली. आपल्या मुलींना एवढं बोलण्याचं बळ घरातूनच मिळायला हवं.

घरची भीती मला ठाऊक आहे. वसई रोडहून लोकलची गर्दी, कधी रात्रीचं काम. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात स्पष्ट आहे, की रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला काम द्यायचं तर तिची संमती हवी, आणि सुरक्षिततेची व घरी पोहोचवण्याची सोय मालकाने करायची. मुलीला नोकरी नाकारण्याआधी कंपनीला गाडीबद्दल विचारा.

आपल्या आया-आज्या पहाटेच्या गाडीने फुलांच्या टोपल्या घेऊन दादरला गेल्याच ना? तेव्हा अंधार नव्हता का? मग लेकीच्याच वेळी तो आड का यावा?

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढंच करा. बारावीला गणित घेतलेल्या मुलींची नावं लिहा. कुणाचं शिक्षण फीपायी अडलं असेल, तर गटातून कर्ज देता येईल का ते ठरवा. म्हशीला, शिवणयंत्राला आपण कर्ज देतोच. मुलीच्या पदवीलाही देऊन बघा.