दातांचा आधार
(हीरकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आपल्या शाळेच्या पहिल्या तुकड्यांतील विद्यार्थ्यांनी आता साठी ओलांडली आहे. ‘वय झाले की दात पडायचेच’ हे वाक्य त्यांच्या तोंडून वारंवार ऐकू येते. वस्तुतः दात पडतात ते बहुधा वयामुळे नव्हे, तर त्यांचा आधार खचल्यामुळे. हिरडी, मुळावरील सिमेंटमचा थर, दाताला हाडाशी बांधणारे तंतू आणि जबड्याचे हाड, असा हा चौपदरी आधार. जिवाणूंच्या थरामुळे दाह दीर्घकाळ राहिला, की तो झिजतो. स्वच्छतेने दाह शमतो. गेलेले हाड मात्र सहसा परत येत नाही. कारण हिरडीच्या आवरणाच्या पेशी जखमेत झपाट्याने पसरतात आणि हाड व तंतू घडवणाऱ्या संथ पेशींची जागा अडवतात.

या संथ पेशींना वाढीचा निरोप देणारी प्रथिने म्हणजे वृद्धिघटक. मुसोलिनीच्या वंशभेदी कायद्यांनी विद्यापीठाचे दार बंद केले, तेव्हा रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांनी तुरीनमधील आपल्या शयनगृहात कोंबडीच्या गर्भांवर संशोधन चालू ठेवले. वृद्धिघटकांच्या शोधासाठी त्यांना व स्टॅन्ली कोहेन यांना १९८६चे नोबेल पारितोषिक मिळाले. रक्तातील बिंबिकांमध्ये आढळणाऱ्या अशाच एका घटकाच्या प्रयोगशाळेत घडवलेल्या रूपाला अमेरिकेत २००५ साली दातांच्या आधाराच्या उपचारासाठी मान्यता मिळाली. जपानने २०१६ साली दुसऱ्या एका घटकाला दिली. रुग्णाचेच रक्त यंत्रात फिरवून मिळणारी, वृद्धिघटकांनी युक्त फायब्रिनची जाळी आपल्याकडील दंतवैद्यही वापरतात.

तथापि हा चमत्कार नव्हे. हाडाच्या भिंती शिल्लक असलेल्या खोल, अरुंद खळग्यात हा उपचार फळतो. सरसकट झिजलेल्या हाडात फारसा नाही. तंबाखू, मिश्री आणि आटोक्याबाहेरचा मधुमेह त्याचे यश हिरावून घेतात.

म्हणून पालकांना विनंती आहे की, दात घासताना रक्त आले तर ‘उष्णता झाली असेल’ म्हणून सोडून देऊ नका, दंतवैद्यांना दाखवा. घरात आजी मिश्री लावत असेल, तर नातवंडांनीच तिला प्रेमाने समजवावे. महाराष्ट्रापासून दूर राहूनही आजी आणि नातवंडे एकाच भाषेत बोलतात, हे या शाळेने साठ वर्षे जपलेले धन आहे. ते अशा कामी यावे, एवढीच माझी इच्छा.