मत कुणाचं, बातमी कुणाची?

(सामुदायिक रेडिओवरील महिलांच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)



विषय राजकारणाचा आहे, म्हणून एक गोष्ट आधीच सांगते. आपला रेडिओ सामुदायिक रेडिओ आहे. सरकारी नियमानुसार त्याला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या मात्र जशाच्या तशा ऐकवता येतात. त्यामुळे कोणता पक्ष बरा आणि कोणता नाही, यावर मी एक शब्दही बोलणार नाही. मला बोलायचं आहे ते राजकारणावर बोलणाऱ्यांविषयी.

हे बोलणारे दोन प्रकारचे असतात. एक तुमच्याआमच्यासारखे, जे फेसबुकवर चार ओळी लिहितात, व्हिडिओ करतात, मनात येतं ते मांडतात. दुसरे पत्रकार. माहिती काढणं, ती तपासणं आणि मग सांगणं हे त्यांचं कामच असतं. पूर्वी हे दोघं वेगळे ओळखू यायचे. आता मोबाइलच्या पडद्यावर दोघंही एकाखाली एक येतात. मागे तसंच संगीत, वर तसंच मोठ्या अक्षरातलं शीर्षक. आणि आपण म्हणतो, "मोबाइलवर बातमी आली."

यात आपलं काय बिघडतं? लाडकी बहीण योजनेचंच बघा. २०२४ मध्ये ही योजना सुरू झाली. २१ ते ६५ वयाच्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या बायकांना महिन्याला दीड हजार रुपये, अशी ती जाहीर झाली. त्यानंतर तिच्यावर जेवढं बोललं गेलं, तेवढं क्वचितच कशावर बोललं गेलं असेल. आमच्या भागात एका व्हिडिओत कुणीतरी छातीठोकपणे सांगितलं की अमुक तारखेपर्यंत तहसीलला कागद दिला नाही तर पैसे बंद. कापूस वेचणीचे दिवस होते. बायका मजुरी बुडवून, एसटीचं तिकीट काढून गेल्या. तिथे कळलं की असा कुठला आदेशच नाही. ज्याने व्हिडिओ केला त्याला याची झळ लागली नाही. त्याला विचारायचं म्हटलं तर त्याचं खरं नाव कुणाला माहीत नव्हतं.

आता तीन वाक्यं ऐका. "या योजनेत महिन्याला दीड हजार रुपये ठरले आहेत." ही माहिती आहे, कागदावर पडताळता येते. "बाईच्या खात्यात पैसे आले हे चांगलं झालं." हे मत आहे. दुसरी म्हणेल, "पैशांपेक्षा गावात काम द्या." तेही मतच. दोघी आपापल्या जागी बरोबर असू शकतात. "पुढच्या महिन्यापासून अमुक बायकांचे पैसे बंद." हे वाक्य माहितीसारखं दिसतं, पण त्याला पुरावा लागतो. शासन निर्णय आहे का? कोणत्या तारखेचा? शासनाच्या संकेतस्थळावर तो निघतो का? हे तिसऱ्या प्रकारचं वाक्य मताच्या वेषात येतं, तेव्हा आपण फसतो.

आपल्या गटात हा फरक आपण रोज पाळतो. बैठकीत कर्ज कुणाला द्यावं यावर प्रत्येकीला बोलता येतं. "तिला नको, तिच्याकडून फेड होणार नाही," असंही कुणी म्हणते. ते तिचं मत. पण आधीचे किती हप्ते फिटले, किती थकले, हे आपण तिच्या तोंडून घेत नाही. रोख वही आणि पासबुक उघडतो. वहीत आकडा असतो, तारीख असते, सही असते. बोलणं सगळ्यांचं ऐकायचं आणि आकडा वहीतून घ्यायचा, ही आपली रीत आहे. राजकारणावरचं बोलणं ऐकतानाही तीच लावायची.

चांगला पत्रकार काय करतो? जागेवर जातो. ज्याच्यावर आरोप आहे त्यालाही विचारतो. कागद मागतो. त्याने लिहिलेलं संपादक तपासतो. चूक झाली तर दुरुस्ती छापावी लागते. घरात वर्तमानपत्र येत असेल तर शेवटच्या पानाच्या तळाशी बघा. बारीक अक्षरात मालक, मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावं आणि छापल्याचा पत्ता असतो. मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव छापण्याचं बंधन इंग्रजांच्या काळात, १८६७ च्या कायद्याने आलं. त्या कायद्याच्या जागी संसदेने २०२३ मध्ये नवा कायदा केला. ती ओळ सहसा कुणी वाचत नाही. पण तिचा अर्थ मोठा आहे: यात काही खोटं निघालं तर आम्हाला इथे येऊन धरा. पुढे ढकलत आलेल्या संदेशाच्या तळाशी अशी ओळ नसते.

म्हणून छापलं ते सगळं खरं, असं मात्र समजू नका. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत आपल्या महाराष्ट्रातच पेड न्यूजचं प्रकरण गाजलं. पैसे घेऊन उमेदवाराची स्तुती बातमी म्हणून छापायची, असा तो प्रकार. एकच मजकूर शब्दाला शब्द जुळणारा, वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत बातमी म्हणून आला होता. हे उघड कुणी केलं? पी. साईनाथ यांनी, म्हणजे एका पत्रकारानेच. त्यांनी वर्तमानपत्रं शेजारी शेजारी ठेवून, उमेदवाराने दाखवलेला खर्च तपासून ते 'द हिंदू'मध्ये लिहिलं. भारतीय प्रेस परिषदेलाही या प्रश्नाची चौकशी करावी लागली. धंदा म्हणून पत्रकारिता बिघडते, तशी ती पत्रकारितेच्याच शिस्तीने पकडताही येते.

पत्रकारितेची आणखी एक उणीव आहे. ती कुणाला बोलू देते आणि कुणाला नाही? यासाठी थोडं मागे जाऊ. १८८१ साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला आपलं तान्हं मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती कमी झाली. या खटल्याच्या निमित्ताने काही वर्तमानपत्रांनी एकूण बायकांच्याच चालचलणुकीवर ताशेरे ओढले. लिहिणारे सगळे पुरुष. त्या वेळी बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' हे छोटं पुस्तक छापलं. जे दोष बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत का, असा त्यांचा सवाल होता. ताराबाई पत्रकार नव्हत्या. त्या सुरतेला गेल्या नव्हत्या, कोर्टात बसल्या नव्हत्या. खटल्याची बातमी त्यांच्यापर्यंत वर्तमानपत्रांनीच आणली. पण त्या बातमीकडे बाईच्या बाजूने बघणं कुणा संपादकाला जमलं नव्हतं, ते त्यांनी केलं. त्यांच्यावर टीका झाली, तेव्हा जोतीराव फुले यांनी 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. नंतर हे पुस्तक जवळजवळ विसरलं गेलं. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रसिद्ध केलं, तेव्हा नव्या पिढीच्या हाती आलं.

तेव्हा मैत्रिणींनो, दोन्ही लागतात. बातमी नसती तर ताराबाईंना कळलं नसतं. ताराबाईंनी लिहिलं नसतं तर त्या बातमीचा अर्थ पुरुषांनी लावला तेवढाच उरला असता.

आणि हा मत मांडण्याचा हक्क कुणी मेहेरबानी म्हणून दिलेला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत', 'जनता' ही पत्रं काढली होती. तरी घटना समितीत त्यांनी सांगितलं की वृत्तपत्राला सामान्य नागरिकाहून वेगळा, जास्तीचा हक्क नाही. संपादक लिहितो तोही नागरिक म्हणूनच. म्हणजे संपादकाला जे स्वातंत्र्य आहे, तेच शेतावर जाणाऱ्या बाईलाही आहे.

हा हक्क वापरणं सोपं नसतं, हेही खरं. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर झालेल्या बंदवर पालघरच्या एका तरुण मुलीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने त्याला फक्त पसंती दिली. दोघींना अटक झाली. त्या ओळींत कुणाची बदनामी नव्हती, कुठली अफवा नव्हती. एका मुलीचं मत होतं. वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी हे प्रकरण देशभर नेलं. श्रेया सिंघल ही तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६-अ हे कलम रद्द केलं. इथेही बघा, मुलीने मत मांडलं, पत्रकारांनी बातमी केली, दोन्ही मिळून कायदा बदलला.

आपल्याकडे बाई राजकारणावर बोलली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "तुला काय कळतंय त्यातलं?" गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात पाण्याच्या टाकीवर प्रश्न विचारला तरी हेच. याला माझं उत्तर असं, की कळत नसेल तर शिकता येतं. उत्तर प्रदेशात चित्रकूटच्या भागात २००२ मध्ये 'खबर लहरिया' हे वर्तमानपत्र गावातल्या बायकांनी सुरू केलं. त्यांत दलित बायका होत्या, कमी शिकलेल्याही होत्या. बुंदेली बोलीत त्या रस्ते, पाणी, पोलीस ठाणं, पंचायत यांच्या बातम्या देऊ लागल्या. पुढे त्या मोबाइलवर व्हिडिओ बातम्याही करू लागल्या. पत्रकार व्हायला मोठ्या शहरातली पदवीच लागते असं नाही. जाणं, विचारणं, लिहून घेणं, दुसरी बाजू ऐकणं, एवढी शिस्त मात्र लागते.

म्हणून तीन गोष्टी सुचवते.

राजकारणावरचा कुठलाही संदेश आला की तीन प्रश्न विचारा. हे कोण सांगतंय? त्याला हे कुठून कळलं? खोटं निघालं तर कुणाला धरायचं? तिन्हींचं उत्तर नसेल तर तो संदेश तुमच्याच फोनवर थांबू द्या.

दुसरं, तुम्ही बोला. स्वतःच्या नावाने बोला. जिथे मत आहे तिथे "मला वाटतं" असं म्हणा. जिथे माहिती आहे तिथे ती कुठून मिळाली ते सांगा. ग्रामपंचायतीचा खर्च विचारायचा असेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज पुरतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तर तेही दहा रुपये पडत नाहीत.

तिसरं, ग्रामसंघाच्या खर्चातून निदान दोन वेगळ्या विचारांची वर्तमानपत्रं घ्या. बैठकीत दहा मिनिटं एकच बातमी दोन्हींत कशी आली आहे ते मोठ्याने वाचा. जिला वाचता येत नाही तीही ऐकून फरक सांगेल, याची मला खात्री आहे. बाजारात दोन दुकानांचा भाव विचारल्याशिवाय आपण तेलाचा डबा घेत नाही. पाच वर्षांचं मत देताना तेवढी तरी चौकशी करू या.

पुढच्या बैठकीत या तीन प्रश्नांवर बोला आणि तुमच्या गटात काय झालं ते आम्हाला पत्राने जरूर कळवा.