बाळाची कोरडी त्वचा
त्वचेचा सर्वांत बाहेरचा, मृत पेशी आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्य यांचा बनलेला थर, ज्याला शृंगस्तर म्हणतात, तो बाळामध्ये प्रौढांपेक्षा पातळ असल्यामुळे त्यातून पाणी लवकर उडून जाते आणि थंडीत पोटऱ्यांवर बारीक, पांढुरकी साल सुटू लागते. अशा वेळी डाळीचे पीठ चोळण्याची घरोघरची रीत, तिच्यामागे कितीही माया असली तरी, सोडलेलीच बरी, कारण पिठाचे कण हाच नाजूक थर खरवडतात. कोमट पाण्याने 5 ते 10 मिनिटांत अंघोळ उरकून, मऊ पंच्याने अंग न घासता टिपावे आणि त्वचा दमट असतानाच सुगंधविरहित मलम हलक्या हाताने लावावे. गालांवर लाल, खाजरे, पाणी सुटणारे चट्टे उठल्यास तो इसब असू शकतो. तेव्हा घरगुती उपायांत दिवस न घालवता बाळाला बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.