न संपणारा खेळ



आपल्या नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर अंधार पडला, चेंडू दिसेनासा झाला, की पोरांचा खेळ थांबतो. २००४ साली अमेरिकेत निघालेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'सारख्या ऑनलाइन खेळांत अंधार पडत नाही. एकेक पात्र घेऊन हजारो जण एकाच जगात वावरतात. आपण झोपलो तरी ते जग चालूच असते. मौल्यवान वस्तू केव्हा हाती लागेल हे ठरलेले नसते, म्हणून 'आणखी एकदा' संपत नाही. लॉटरीच्या दुकानापुढची गर्दी पाहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

पण खरी गाठ वेगळीच आहे. रात्री दीड वाजता आम्ही मुलाला दटावले, तेव्हा तो म्हणाला, "बाबा, मी उठलो तर बाकीचे हरतील." आम्ही संगणकाची वायरच उपटली. आठ दिवस तो बोलला नाही. बेजबाबदार म्हणावे, तर पोरगा सोबत्यांना दिलेला शब्द पाळत होता!

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली हा विकार आजारांच्या यादीत घेतला. मात्र प्रत्येक खेळणाऱ्याला रोगी ठरवले नाही. ताबा सुटणे, बाकी सारे मागे पडणे, नुकसान दिसूनही खेळत राहणे, हे साधारण वर्षभर चालले तर.

आता आम्ही 'बंद कर' म्हणत नाही. 'मोहीम किती वाजता संपेल?' असे आधीच विचारतो. गेल्या आठवड्यात त्याने स्वतःच सोबत्यांना अकराची वेळ सांगितली. दोन दिवस पाळली, तिसऱ्या दिवशी नाही.