मोरवेल कुलाचे दोन मुलूख

अटलांटिक महासागरातील कॅनरी, मदेरा व अझोर्स या ज्वालामुखीजन्य बेटांच्या मुलखात, धुक्याने ओलावलेल्या अरण्यांच्या छायेत, रॅननक्युलस कॉर्टुसिफोलियस ही चकचकीत पिवळ्या पुष्पांची वनस्पती वाढते आणि शुष्क उन्हाळा भूमिगत मांसल मुळांच्या आधारे निभावते. महाबळेश्वरच्या झाडीवर चढणारी आपली मोरवेल तिच्याच कुलातील. मात्र मोरवेलीला पाकळ्याच नसतात, पांढुरकी संदलेच त्यांचे कार्य करतात. तिच्या प्रत्येक इवल्या फळाला पिसासारखे रोमश पुच्छ असते, आणि तेवढ्याच सामग्रीवर, केवळ वाऱ्याच्या भरवशाने, सातारा-सांगलीच्या पश्चिमेकडील सह्याद्रीत तिचा वंश विस्तारतो, ही तजवीज मला त्या सुवर्णपुष्पाच्या झळाळीहूनही अधिक विस्मयकारक वाटते.