नळाचे पाणी मागे फिरते तेव्हा

(ग्रामपंचायत सदस्य, कर्मचारी व शिक्षक यांच्यासाठीच्या भाषणाचा मजकूर)



टाकवे बुद्रुकपासून खांडीपर्यंत पसरलेल्या आंदर मावळाला पाण्याची वाट कशी बदलते, हे वेगळे सांगावयास नको. आंध्रा नदी मूळची पूर्वेकडे वाहणारी. इंद्रायणी, भीमा, कृष्णा असा प्रवास करून तिचे पाणी बंगालच्या उपसागरास मिळावयाचे. परंतु ठोकरवाडीचे धरण झाले आणि १९२२ पासून त्या जलाशयाचे पाणी सह्याद्री ओलांडून पश्चिमेस, भिवपुरीच्या वीजगृहात उतरू लागले. पाण्याला पूर्व-पश्चिम कळत नाही. उतार आणि दाब जिकडे नेतील तिकडे ते जाते. घरातील अर्ध्या इंची नळालाही हाच नियम लागू आहे, याचा मात्र विसर पडतो.

२०१९ साली जल जीवन मिशन सुरू झाले. प्रत्येक ग्रामीण घरात नळ आणि माणशी दररोज ५५ लिटर शुद्ध पाणी, हे त्याचे उद्दिष्ट. नळ आला म्हणजे विहिरीवरील हंड्यांची रांग संपली. परंतु त्याबरोबर एक नवे नातेही जुळले. पूर्वी एका घरचा हंडा अस्वच्छ असला, तर त्याची बाधा त्या घरापुरती राहत असे. आता सारी वस्ती एकाच नळवाहिनीने जोडलेली आहे. एका घराची चूक शेजारच्या घरातील लेकराच्या पेल्यात उतरू शकते.

हे घडते कसे? मावळातील गावे उतारावर वसलेली. समजा, वरच्या आळीतील एका घरी तोटीला रबरी नळी लावून तिचे टोक गुरांच्या डोणीत बुडवून ठेवले आहे. पाण्याची वेळ संपते, टाकीवरील व्हॉल्व्ह बंद होतो. वाहिनीत उरलेले पाणी उताराने खाली धावते, कारण खालच्या आळीतील नळ अजून उघडे असतात. ते पाणी उतरू लागले की मागे पोकळी निर्माण होते आणि ती पोकळी डोणीतील पाणी नळीवाटे ओढून घेते. वरच्या व खालच्या घरांच्या उंचीत तीन-चार मीटरचा फरक असला, तरी डोण रिकामी होण्यास तो पुरेसा असतो. डोणीच्या जागी मोरीतील बादली असेल, किंवा भातावरील औषध कालवलेले पिंप असेल, तर काय होईल याची कल्पना करावी. नळीचा मालक निर्दोष मनाने कामास निघून गेलेला असतो. आजारी पडणारा घरमालक निराळाच असतो.

ही केवळ तर्काची गोष्ट नव्हे. १९३३ साली शिकागो येथे जागतिक प्रदर्शन भरले असता तेथील हॉटेलांत उतरलेल्यांमध्ये अमिबाजन्य आमांशाची साथ पसरली. सुमारे १,४०० लोक आजारी पडले आणि ९८ दगावले. सांडपाण्याच्या आणि पिण्याच्या पाण्याच्या नळांचा सदोष जोड हे त्याचे कारण ठरले. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत नजफगढ नाल्याचे मैलापाणी यमुनेत उलटे चढून शहराच्या पाणी उपसा केंद्रापर्यंत पोहोचले आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. क्लोरिनची मात्रा वाढविण्यात आली होती, तरी विषाणू पुरता नष्ट झाला नाही. तो 'हेपॅटायटिस ई' असल्याचे पुढे निष्पन्न झाले. टाकीत टीसीएल पावडर टाकली म्हणजे कर्तव्य संपले, असे मानणाऱ्यांनी दिल्लीचा हा अनुभव ध्यानी ठेवावा.

उपाय साधे आहेत. पहिला आणि सर्वांत खात्रीचा उपाय हवेच्या अंतराचा. तोटीचे तोंड आणि भांड्याची वरची कड यांमध्ये नळाच्या व्यासाच्या दुप्पट, आणि कमीत कमी २५ मिलिमीटर, मोकळी जागा असावी. व्यवहारात चार बोटे अंतर ठेवावे, म्हणजे मोजमाप करावयास नको. हवेतून पाणी उलटे चढत नाही. या उपायास खर्च नाही आणि तो कधी बिघडत नाही. दुसरा उपाय म्हणजे रबरी नळीचे टोक पाण्यात बुडवून न ठेवणे. फवारणीचे पिंप तर नळीने कधीच भरू नये, बादलीने भरावे. तिसरा, विहिरीची अथवा कूपनलिकेची वाहिनी गावच्या नळाला जोडू नये. मधला व्हॉल्व्ह बंद आहे, या भरवशावर तर मुळीच नाही. चौथा, घरच्या जोडणीवर पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा. मात्र त्यात कचरा अडकला की तो निकामी होतो. म्हणून त्याची वरचेवर तपासणी हवी आणि हवेचे अंतर त्याच्या जोडीला हवेच.

येथे एका अवघड गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून भागत नाही. अनेक वाड्यांवर नळ जमिनीखाली खड्ड्यात घेतलेला दिसतो. त्या खड्ड्यात धुण्याभांड्याचे आणि पावसाचे पाणी साचते, तोटी त्यात बुडते आणि पुरवठा थांबताच ते पाणी वाहिनीत शिरते. काही जण वाहिनीलाच विजेचा पंप लावतात. त्याच्या ओढीने फुटक्या सांध्यांतून गटाराचे पाणीही आत येते. हे दोन्ही प्रकार बंद झालेच पाहिजेत. परंतु खड्डा खोदणारी माउली हौसेने खोदत नाही. जमिनीवर पाणी चढत नाही, म्हणून ती खोदते. तिला नोटीस देण्यापूर्वी वरच्या आळीला दाबाने पाणी का मिळत नाही, याचे उत्तर पंचायतीने दिले पाहिजे. उंचीनुसार वस्तीचे भाग पाडून प्रत्येकास स्वतंत्र वेळ द्यावी, गळती काढावी, बिनतोटीचे नळ बंद करावेत. दाब मिळाला की खड्डा बुजविण्यास कोणी विरोध करणार नाही.

पाण्याची तपासणीही योग्य जागी व्हावी. टाकीजवळचा नमुना चांगला आला, म्हणून शेवटच्या घरचे पाणी चांगले ठरत नाही. जलसुरक्षकाने ओटी चाचणी वाहिनीच्या शेवटच्या नळावर घ्यावी. तेथे मोकळा क्लोरिन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असला पाहिजे. टाकीजवळ क्लोरिन आहे आणि शेवटी नाही, असे आढळल्यास वाटेत काहीतरी शिरत आहे, असे समजून शोध घ्यावा. जंतुतपासणीत १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय जंतू एकही असता कामा नये.

शिक्षकांना हा धडा पाच मिनिटांत शिकविता येईल. टेबलावर कुंकू मिसळलेल्या पाण्याचा पेला ठेवावा. पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीचे एक टोक त्यात बुडवून दुसरे खाली सोडावे. लाल पाणी नळीतून खाली येताना मुले पाहतील. मग नळीचे वरचे टोक पाण्याबाहेर काढावे. प्रवाह तत्क्षणी तुटेल. ती मुले त्याच संध्याकाळी घरची नळी डोणीतून बाहेर काढतील.

विहिरीचे पाणी राखणे ही गावाची जुनी रीत आहे. नळ ही आता गावाचीच विहीर आहे, मात्र तिची तोंडे घरोघरी उघडतात. यास्तव तिची राखणही घरोघरीच झाली पाहिजे. आज घरी परतल्यावर प्रत्येकाने आपल्या तोटीखाली चार बोटे धरून पाहावीत. अंतर पुरत नसेल, तर कामाची सुरुवात तेथूनच करावी.